लिदीत न सापडणारे जंत

लीद तपासून आलेल्या कागदावर लिहिलंय: अंडी शून्य. घोडा खातोय, पितोय, मालक निर्धास्त. मग हिवाळा सरता सरता त्याच घोड्याला एकाएकी जुलाब सुरू होतात, अंगावरचं मांस झडतं, पोटाखाली आणि पायांवर सूज चढते. या थराला गेलेल्या घोड्यांपैकी जवळपास निम्मे उपचार करूनही हाती लागत नाहीत. ब्रिटन-आयर्लंडसारख्या थंड देशांतल्या पशुवैद्यकांना हा प्रकार चांगलाच ठाऊक आहे. लिदीचा अहवाल खोटा नव्हता. घोड्याला मारणारे जंत लिदीत उतरतच नाहीत, एवढाच त्यातला घोळ.

हे जंत म्हणजे सायॅथोस्टोमिन, तिकडच्या घोडेवाल्यांच्या भाषेत ‘लहान लाल जंत’. ही एकच जात नाही, सुमारे ५० जातींचं मोठं खटलं आहे. प्रौढ जंत बारीक, तांबूस, लांबीला फार तर दोन-अडीच सेंटीमीटर. मुक्काम मोठ्या आतड्यात. माद्या अंडी घालतात, ती लिदीबरोबर कुरणात पडतात, अंड्यातली अळी बाहेर येऊन वाढते आणि गवताच्या पात्यावर चढून बसते. घोडा चरला की ती पोटात. इथवर इतर जंतांहून निराळं काही नाही. पण ही अळी आतड्याच्या पोकळीत न थांबता आतड्याच्या भिंतीत घुसते, तिच्याभोवती कोष तयार होतो आणि ती तिथेच झोपून जाते. काही आठवडे, काही महिने, कधी कधी दोन वर्षंसुद्धा. एखाद्या घोड्याच्या पोटातल्या एकूण लाल जंतांपैकी ९० टक्क्यांपर्यंत जंत असे भिंतीत दडलेले असू शकतात. दडलेली अळी अंडी घालत नाही, मग लिदीत येणार काय?

यातल्या हजारो-लाखो अळ्या एकाच सुमारास जाग्या होऊन भिंत फोडून बाहेर पडल्या, की आतड्याचं अस्तर सुजतं, सोलवटतं आणि शरीरातली प्रथिनं भसाभसा वाहून जातात. सहा वर्षांच्या आतल्या घोड्यांना धोका जास्त. आणखी एक विचित्र गोष्ट पाहणीत दिसली आहे. जंताचं औषध नुकतंच दिलेल्या घोड्यांत हा प्रकार अधिक आढळतो. पोकळीतले प्रौढ जंत मेले की जागा मोकळी झाल्याचा सुगावा भिंतीतल्यांना लागत असावा, असा तर्क आहे.

लिदीत काय मोजतात?

लिदीतली अंडी मोजण्याची रीत जुनी आणि स्वस्त आहे. १९३९ मध्ये ती ऑस्ट्रेलियात मेंढ्यांसाठी बसवली गेली आणि तिथल्या प्रयोगशाळेच्या नावावरून तिला मॅकमास्टर पद्धत म्हणतात. चार ग्रॅम ताजी लीद २६ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवायची, गाळायची आणि आखलेल्या काचेच्या दोन खणांत भरायची. खारं पाणी जड, अंडी हलकी, त्यामुळे ती वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही खणांतली अंडी मोजायची आणि २५ने गुणायचं. आली दर ग्रॅममागची अंडी. खणात एकच अंडं दिसलं तर उत्तर २५, एकही नाही दिसलं तर शून्य. मधलं काही कळायची सोय नाही.

ही चाचणी टाकाऊ आहे असा कुणी अर्थ काढू नये. कुठला घोडा कुरण घाण करतोय, हे तिच्याइतकं चांगलं कुणी सांगत नाही. तबेल्यातले साधारण २० टक्के घोडे मिळून ८० टक्के अंडी टाकतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. ते घोडे हेरून त्यांनाच औषध दिलं तरी कुरण बऱ्यापैकी साफ राहतं. फक्त, अंडी टाकणं आणि भिंतीत अळ्या बाळगणं या दोन गोष्टींचा एकमेकांशी भरवशाचा संबंध नाही. लिदीत शून्य असलेल्या घोड्याच्या भिंतीत काहीच नसेल, किंवा लाखभर अळ्या असतील.

मग सरळ सगळ्यांना औषध का देऊ नये? वर्षानुवर्षं तेच तर केलं गेलं. १९६६ मध्ये केंटकी विद्यापीठातल्या ड्रज आणि लायन्स यांनी दर सहा-आठ आठवड्यांनी सगळ्या घोड्यांना जंताचं औषध देण्याची पद्धत मांडली. तेव्हाचा शत्रू वेगळा होता. स्ट्राँजिलस व्हल्गॅरिस हा मोठा रक्तजंत घोड्याच्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत महिनोन्‌महिने राहतो, तिथे गुठळ्या करतो आणि जीवघेणा पोटशूळ उठवतो. या वेळापत्रकाने त्याचा पार बीमोड केला. त्या काळासाठी तो सल्ला अगदी बरोबर होता, असंच माझं मत. गडबड झाली ती पुढे, शत्रू संपल्यावरही तेच कॅलेंडर भिंतीवर तसंच टांगलेलं राहिल्यामुळे.

लहान लाल जंतांनी त्या काळात औषधं पचवायला शिकून घेतलं. बेंझिमिडाझोल गटाची औषधं आज जगभरातल्या बहुतेक तबेल्यांत त्यांच्यावर चालत नाहीत. पायरँटेल अनेक ठिकाणी चालत नाही. उरला आयव्हरमेक्टिन आणि मॉक्सिडेक्टिनचा गट, आणि त्यालाही दाद न देणारे जंत सापडू लागलेत. २०२०च्या एका शोधनिबंधात तर आयर्लंडहून अमेरिकेत आणलेल्या शर्यतीच्या जातीच्या शिंगरांबरोबर असे जंतही विमानाने आल्याचं नोंदवलं आहे. भिंतीतल्या अळ्यांवर एका मात्रेत परिणाम करणारं औषध एकच, मॉक्सिडेक्टिन. फेनबेंडाझोल सलग पाच दिवस देण्याचा दुसरा मार्ग होता, तो बऱ्याच ठिकाणी बंद झाल्यात जमा आहे. घोड्यांसाठी औषधाचा नवा गट गेल्या कित्येक वर्षांत आलेला नाही.

म्हणून तिकडे आजवर असं चालत आलं: हिवाळ्याच्या तोंडावर, लिदीचा अहवाल काहीही असो, सगळ्या घोड्यांना मॉक्सिडेक्टिन. भिंतीत काय आहे ते कळत नाही, मग जोखीम कोण घेणार? ज्यांच्या पोटात फारसं काही नाही अशांनाही शेवटचं चालणारं औषध दरवर्षी पाजायचं आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतांना मैदान मोकळं करून द्यायचं. औषध न लागलेले साधे जंत थोडे शिल्लक राहिले तर त्यांच्या गर्दीत हे पक्के जंत विरून जातात. सगळ्यांनाच औषध दिलं की मागे पक्के तेवढे उरतात.

रक्ताच्या चाचणीची गरज इथे पडली. कुणाला औषध द्यायचं हे शोधण्यापेक्षाही, कुणाला नाही दिलं तरी चालेल हे शोधण्यासाठी.

भिंतीतल्या अळीची खूण रक्तात

अळी भिंतीत असली तरी घोड्याच्या शरीराला तिचा पत्ता लागलेला असतो. अळीच्या प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी तयार करतं आणि ती रक्तात फिरत राहतात. रक्ताची चाचणी जंत शोधतच नाही, ती ही प्रतिपिंडं शोधते. घोड्यांत प्रतिपिंडांचा आयजीजी-टी नावाचा एक उपप्रकार आहे, तो जंतांच्या बाबतीत विशेष वाढतो. शोध त्याचाच घ्यायचा हे लवकर ठरलं.

अवघड होतं ते पुढचं. अळीच्या अंगात शेकडो प्रथिनं. त्यातली कित्येक इतर जंतांतही असतात. अशा प्रथिनावर चाचणी बेतली तर गोल जंत झालेल्या शिंगरालाही लाल जंत आहेत असा निकाल येणार. हवं होतं फक्त लाल जंतांचं आणि शक्यतो भिंतीतल्या अळीचंच प्रथिन. ब्रिटनमध्ये जॅकी मॅथ्यूज यांच्या गटाने हे काम वीसेक वर्षं धरून ठेवलं. मेलेल्या घोड्यांच्या आतड्यांतून अळ्या काढायच्या, त्यांची प्रथिनं वजनानुसार वेगळी करायची आणि जंत असलेल्या व नसलेल्या घोड्यांचं रक्तद्रव त्यांवर सोडून कुठल्या पट्टीवर प्रतिपिंडं चिकटतात ते पाहायचं. २००२ मध्ये दोन पट्ट्या हाती आल्या, २० आणि २५ किलोडाल्टन वजनाच्या. प्रयोगासाठी अळ्या पाजलेल्या तट्टांमध्ये या पट्ट्यांविरुद्धची प्रतिपिंडं काही आठवड्यांतच वाढलेली दिसली. म्हणजे दिशा बरोबर होती.

पण यावर धंदा उभा राहत नाही. दर खेपेला प्रथिन मिळवायला मेलेला घोडा हवा, त्याच्या आतड्यात पुरेशा अळ्या हव्यात आणि प्रत्येक खेपेचा माल थोडा वेगळा. म्हणून त्या प्रथिनाचं जनुक शोधलं गेलं आणि ते साध्या ई-कोलाय जिवाणूत घालून जिवाणूकडूनच प्रथिन बनवून घेतलं. एडिंबराजवळच्या मोरडन संशोधन संस्थेतून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘गाला’ हे असं पहिलं महत्त्वाचं प्रथिन. ते अळीच्या आतड्याशी निगडित आहे आणि भिंतीतल्या अळ्यांत आढळतं.

इथे ५० जातींचा गुंता आडवा आला. एका जातीचं गाला दुसऱ्या जातीच्या गालाशी पूर्ण जुळत नाही. एकाच जातीच्या प्रथिनावर चाचणी केली तर दुसऱ्या जातीच्या अळ्यांनी भरलेला घोडा निसटणार. सगळ्या ५० जाती धरायच्या म्हटलं तर काम कधी संपायचंच नाही. सुदैवाने कुठल्याही घोड्यात मोजक्या दहाएक जातींचंच प्राबल्य असतं, त्यामुळे त्या जातींतली निवडक प्रथिनं एकत्र करून भागलं. बाजारात आलेल्या चाचणीत तीन प्रथिनांचं मिश्रण आहे.

मूळ तंत्र एलायझाचंच, १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमान यांनी मांडलेलं. एचआयव्हीच्या तपासणीमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. ९६ खळग्यांची प्लॅस्टिकची थाळी घ्यायची. प्रत्येक खळग्याच्या तळाला जंताचं प्रथिन चिकटवायचं. त्यावर घोड्याचं पातळ केलेलं रक्तद्रव. प्रतिपिंडं असतील तर ती प्रथिनाला धरून बसतात, बाकीचं धुऊन टाकायचं. मग घोड्याच्या आयजीजी-टीला चिकटणारं दुसरं प्रतिपिंड घालायचं, त्याला एक विकर (एन्झाइम) जोडलेलं असतं. पुन्हा धुवायचं आणि शेवटी रंग देणारं द्रावण. खळगा जितका गडद, तितकी प्रतिपिंडं जास्त. यंत्र तो गडदपणा मोजतं, ठरलेल्या नमुन्यांशी ताडून त्याचा आकडा काढतं.

आकडा मिळाला, पण त्याचा अर्थ काय? त्यासाठी प्रत्येक घोड्याच्या पोटात खरोखर किती जंत होते हे माहीत असायला हवं, आणि ते जिवंत घोड्यात कळत नाही. म्हणून दुसऱ्या कारणांनी मेलेले किंवा कत्तलखान्यात गेलेले घोडे. आधी रक्त घेऊन ठेवायचं, मग मोठं आतडं उघडायचं, पोकळीतले जंत धुऊन मोजायचे. भिंतीचा तुकडा काचेवर ताणून खालून प्रखर उजेड सोडला की मोठ्या अळ्या बारीक काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. अगदी कोवळ्या अळ्या त्यातही दिसत नाहीत. त्यांच्यासाठी अस्तर खरवडून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात, शरीराच्या तापमानाला, विरघळेपर्यंत ठेवायचं. मांस विरघळतं, अळ्या उरतात, मग त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. एका घोड्यामागे हा किती तासांचा खेळ असेल, याची कल्पना करा. चाचणी स्वस्त, जलद आणि सुटसुटीत होण्याआधी कुणीतरी हे असं घाण वासाचं, कंटाळवाणं काम शेकडो वेळा केलेलं असतं. जाहिरातीच्या पत्रकात ते येत नाही.

आकडा खरा, पण कुठल्या घोड्यासाठी?

ही चाचणी ‘जंत आहेत की नाहीत’ असं सांगत नाही. चरणाऱ्या जवळपास प्रत्येक घोड्यात थोडे लाल जंत असतातच, आणि थोडे असले तर बिघडत नाही. चाचणी सांगते ती जंतांची संख्या एखाद्या मर्यादेच्या, उदाहरणार्थ हजाराच्या, वर असण्याची शक्यता. मर्यादेहून जास्त जंतांचे ‘भरलेले’ घोडे आणि बाकीचे ‘हलके’, यांच्यातली रेघ कुठे मारायची, हा मग माणसाने घ्यायचा निर्णय. रेघ खाली ओढली तर भरलेले घोडे क्वचितच निसटतात, पण विनाकारण औषध घेणारे वाढतात. वर नेली तर उलट. आजारी घोडा निसटला तर जीव जातो, निरोगी घोड्याला औषध दिलं तर एक मात्रा वाया जाते. त्यामुळे या चाचणीची रेघ मुद्दाम खाली ठेवली आहे.

आता हिशेब पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा चाचणी भरलेल्या १०० घोड्यांपैकी ९५ बरोबर पकडते आणि हलक्या १०० घोड्यांपैकी ८५ना बरोबर ‘हलका’ म्हणते. एका तबेल्यात १०० प्रौढ घोडे आहेत, कुरणातली लीद नियमित उचलली जाते आणि त्यातले २० घोडेच खरे भरलेले आहेत. चाचणी त्या २०पैकी १९ पकडेल, एक निसटेल. उरलेल्या ८०पैकी ६८ना हलकं म्हणेल, १२ना उगाच भरलेलं. म्हणजे ‘हलका’ शिक्का मिळालेले एकूण ६९, त्यात चूक फक्त एक. ६९ घोड्यांचं औषध वाचलं. ‘भरलेला’ शिक्का मिळालेल्या ३१मध्ये मात्र १२ निरोगी आहेत.

तीच चाचणी, तीच थाळी, तेच रसायन. या वेळी कोवळी शिंगरं दाटीवाटीने चरणारा स्टड फार्म, आणि १००पैकी ८० भरलेली. चाचणी ७६ पकडेल, चार निसटतील. उरलेल्या २०पैकी १७ना हलकं म्हणेल. आता ‘हलका’ शिक्का मिळालेली २१, त्यातली चार भरलेली! पाचातलं जवळपास एक. इथे या निकालावर विसंबून औषध टाळणं म्हणजे जुगार. म्हणूनच ही चाचणी कमी धोक्याच्या घोड्यांसाठी वापरा, जास्त धोक्याच्या ठिकाणी सरळ औषध द्या, असा सल्ला दिला जातो. ‘चाचणी किती टक्के अचूक?’ हा प्रश्न लोक पहिला विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: घोडा कुठे चरतो, वय काय आणि कुणाबरोबर राहतो?

दुसरी मर्यादा प्रतिपिंडांच्या स्वभावातच आहे. लॉजच्या रजिस्टरमध्ये पाहुणा आल्याची नोंद असते, खोली सोडून गेल्याची नोंद बऱ्याचदा कुणी करत नाही. तसंच रक्ताचं. औषधाने जंत मेले तरी प्रतिपिंडं आठवडे-महिने रक्तात राहतात. तेव्हा औषध चाललं की नाही हे बघायला ही चाचणी उपयोगाची नाही. त्यासाठी जुनी लिदीचीच तपासणी, औषधाच्या आधी एकदा आणि नंतर दोन आठवड्यांनी एकदा. शिंगरांच्या बाबतीत तर आणखी गंमत. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडं पोटातल्या शिंगराकडे जात नाहीत, ती मिळतात पहिल्या चिकातून. म्हणून चार दिवसांच्या शिंगराच्या रक्तात आईच्या जंतांचा इतिहास सापडेल, त्याच्या स्वतःच्या जंतांचा नव्हे.

पट्टकृमीची चाचणी याच वाटेने आली आणि थोडी आधी आली. हे जंत लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर घट्ट चिकटून राहतात, अंडी कधी टाकतात कधी नाही, त्यामुळे लिदीत हमखास चुकतात. लिव्हरपूलच्या ख्रिस प्राउडमन यांनी १९९०च्या दशकात त्यांच्यासाठी रक्ताची चाचणी आणली आणि ती वापरून दाखवलं की त्या सांध्याजवळ चारा अडकून होणाऱ्या पोटशूळाच्या ८१ टक्के केसेसचा संबंध पट्टकृमीशी जोडता येतो. आता त्यासाठी रक्तही लागत नाही, घोड्याच्या तोंडात बोळा फिरवून लाळेत प्रतिपिंडं पाहतात.

औषध कमी करण्याच्या उत्साहाला डेन्मार्कने एक टोला दिला, तो सांगायलाच हवा. तिथे १९९९पासून घोड्याला जंताचं औषध निदानाशिवाय मिळत नाही. लीद तपासायची, अंडी जास्त असलेल्यांनाच औषध. वाखाणण्यासारखं धोरण. पण काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा या पद्धतीने चालणाऱ्या फार्मवर तो जुना रक्तजंत, ज्याचा कधीच बीमोड झाला असं सगळे धरून चालले होते, परत आलेला दिसला. त्याची अंडी लाल जंतांच्या अंड्यांसारखीच दिसतात आणि ती येण्याआधी त्याची अळी सहाएक महिने शरीरात, बराच काळ धमन्यांत, फिरत असते. या अनुभवातून मार्टिन निल्सन या संशोधकाच्या गटाने २०१४ मध्ये या जंताच्या फिरत्या अळीसाठी वेगळी एलायझा चाचणी तयार केली.

आपल्याकडचा परजीवी

लाल जंतांचा सारा इतिहास थंड हवेतल्या कुरणांचा आहे. भारतात घोड्याच्या रक्ताची परजीवीसाठी चाचणी म्हटलं की नाव निघतं ते सर्रा या आजाराचं. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे, म्हणजे तेव्हाच्या पंजाबात, ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा एक सूक्ष्मजीव पाहिला. ट्रिपॅनोसोम म्हणजे रक्तात राहणारा एकपेशी परजीवी; सस्तन प्राण्यांना आजार देणारा ट्रिपॅनोसोम दिसण्याची ती पहिली वेळ, आणि त्याला आज इव्हान्सचंच नाव आहे: ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. टॅबॅनस जातीच्या चावऱ्या माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ताप येतो-जातो, घोडा वाळत जातो, पाय सुजतात, मागचा भाग लुळा पडतो.

हा परजीवी तर रक्तातच पोहतो, मग काचेवर थेंब पसरून पाहिलं की झालं, असं वाटेल. पण त्याच्या अंगावर एका प्रथिनाचा जाड थर असतो. घोड्याचं शरीर त्या थराविरुद्ध प्रतिपिंडं बनवून बहुतेकांना मारतं, तोवर काही परजीवींनी वेगळ्या प्रथिनाचा थर चढवलेला असतो. ते वाढतात, पुन्हा ताप, पुन्हा मारामारी. तापाच्या भरात रक्त घेतलं तर परजीवी दिसतो, मधल्या दिवसांत काच स्वच्छ.

मग कुठल्या थराविरुद्धची प्रतिपिंडं शोधायची? अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या संशोधकांना असा एक थर सापडला जो सर्राचे बहुतेक सगळे परजीवी सुरुवातीलाच चढवतात. त्याचं नाव रोटॅट १.२. हा थर असलेले परजीवी मारून, निळ्या रंगात रंगवून, वाळवून ठेवतात. पांढऱ्या कार्डावर त्याचा थेंब, शेजारी रक्ताचा थेंब, कालवायचं आणि पाच मिनिटं कार्ड गोल फिरवायचं. प्रतिपिंडं असतील तर निळा रंग कणाकणांत गोठतो, नसतील तर एकसारखा पसरलेला राहतो. वीज-प्रयोगशाळा नसलेल्या गावातही जमतं. अपवाद इथेही आहेत. केनियात रोटॅट १.२चं जनुकच नसलेला सर्राचा परजीवी सापडला आहे आणि या कार्डापुढे तो अदृश्य राहतो. आपल्याकडे हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने एलायझावर आधारलेलं सर्रा किट विकसित केलं, ते २०२२ मध्ये आलं. ते घोड्यांपुरतं नाही, इतर जनावरांनाही चालतं.

या कार्डाची महाराष्ट्रात एक वेगळीच परीक्षा झाली. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचा परजीवी सापडला. माणसात तो खात्रीने नोंदवला गेल्याची ही पहिलीच वेळ. माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारं एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं, ते या रुग्णात नव्हतं, हे पुढे सिद्ध झालं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. पण गावात आणखी किती जणांना असेल, या धास्तीने १,८०६ गावकऱ्यांचं रक्त याच कार्डावर तपासलं गेलं. ४१० जण पॉझिटिव्ह! चौथ्या हिश्श्याला थोडंच कमी. ज्यांची प्रतिपिंडं रक्तद्रव बरंच पातळ करूनही दिसत होती अशांचं रक्त मग बारकाईने पुन्हा पाहिलं, परजीवी एकातही सापडला नाही. गुराढोरांत राहणाऱ्या, माश्या चावणाऱ्या माणसांच्या अंगात परजीवी जाऊन त्यांच्या रक्ताने त्याला मारलं असेल, किंवा दुसऱ्याच कशाने कार्ड गोठलं असेल. रजिस्टरमध्ये नावं होती, खोल्या रिकाम्या होत्या.

घोड्याच्या बाबतीत असा पॉझिटिव्ह निकाल हाती आला तर पशुवैद्यक आधी ताप बघतो, तापातलं रक्त पुन्हा काचेवर किंवा पीसीआरला घेतो, मगच औषध ठरवतो. सर्राची औषधं काही साधी नाहीत, घोड्याला ती सोसायला जड जातात. घाई नडते.

सर्रा असो वा जंत, मानेच्या शिरेतून काढलेल्या पाचेक मिलिलिटर रक्ताबरोबर जो अर्ज जातो तो मालक बहुधा अर्धा कोरा सोडतात. त्यात घोड्याचं वय लिहा. शेवटचं औषध कुठलं, कधी आणि किती वजनावर दिलं ते लिहा. घोडा जत्रेतून किंवा दुसऱ्या राज्यातून आणला असेल तर कधी आणला ते लिहा, ताप असेल तर तापाची तारीख लिहा. शेजारच्या ठाणात अलीकडे कुठला घोडा आजारी पडला असेल तर तेही. प्रयोगशाळा आकडा बिनचूक काढेल, पण त्याचा अर्थ लावणाऱ्या डॉक्टरला हा कागद भरलेला हवा असतो.